हात धुऊन मागे लागलेली माणसे

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. वाचकाच्या एका हातात चकली असते, दुसऱ्या हातात अंक असतो. अशा वेळी लेखकाने त्याला हसवावे, फार तर थोडे हळवे करावे, एवढीच अपेक्षा असते. मला हा शिरस्ता मान्य आहे. पण माझे भांडण ज्या मंडळींशी आहे ती वर्षातून नेमकी याच चार दिवसांत एका छपराखाली सापडतात. आईबाप, आजीआजोबा, काका, मामा, मावश्या. मास्तर म्हणून मीही त्यांच्यात आलोच. तेव्हा आज बोलून घेतो. फराळ चालू ठेवायला माझी हरकत नाही.

भांडण मातीवरून आहे. आमच्या इंदापूर तालुक्यात मातीवरून भांडण म्हटले की ऐकणाऱ्याला शेताचा बांध आठवतो, मोजणी आठवते आणि कोर्टाची तारीख आठवते. माझे भांडण त्या मातीचे नाही. पोरांच्या नखांत जी माती असायला हवी आणि हल्ली नसते, तिचे आहे.

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, बाजारात एका दुकानापुढे मी उभा होतो. दुकानात तयार किल्ले मांडले होते. पांढऱ्या प्लॅस्टरचे, साच्यातून काढलेले, वरून तपकिरी आणि हिरवा रंग मारलेले. प्रत्येकाला बुरूज तितकेच, पायऱ्या तितक्याच. एक आजोबा नातवाला घेऊन आले. नातू सहासात वर्षांचा असेल. त्याने एका किल्ल्याभोवती चक्कर मारली, वाकून खालून पाहिले आणि विचारले, "यात भुयार कुठंय?"

दुकानदार म्हणाला, "बाळा, याला भुयार नसतं."

आजोबांनी पैसे मोजले, किल्ला खोक्यात गेला आणि दोघे निघून गेले. पोराचा प्रश्न तेवढा माझ्यापाशी राहिला.

किल्ला म्हणजे काय असतो, हे ज्यांनी लहानपणी केला त्यांना सांगायला नको. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून आम्ही थेट विटांच्या तुकड्यांमागे लागत असू. दगड, विटा, फुटकी कौले यांचा ढीग रचायचा, त्यावर चिखलात बुडवलेले पोते अंथरायचे, वरून चाळलेली माती थापायची. तट बोटांनी ओढायचे. भुयार हवे असेल तर एकाने ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसायचे, दुसऱ्याने वरून माती दाबायची, आणि मग पहिल्याने हात अगदी हळू, श्वास रोखून, काढून घ्यायचा. निम्म्या वेळा भुयार ढासळे. मग पुन्हा पहिल्यापासून. उतारावर आळीव नाहीतर मोहरी पेरून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले, की चार दिवसांत डोंगर हिरवा होई.

हे कोणी शिकवीत नसे आणि त्याचे प्रमाणपत्रही कोणी देत नसे. शहरांत आता याच उद्योगाला 'नैसर्गिक साहित्यातून शिल्पकला कार्यशाळा' असे भारदस्त नाव मिळाले आहे. पोरांना मोटारीत घालून तिथे सोडतात, त्याची फी भरतात आणि दोन तासांनी परत न्यायला येतात. म्हणजे आधी पोराच्या हातातली माती काढून घ्यायची, हात साबणाने स्वच्छ धुवायचे, आणि मग तीच माती पिशवीत भरून त्याला विकायची. पोरांच्या मागे हात धुऊन लागणे ते हेच. फक्त धुतले जातात ते हात पोरांचे असतात.

शहरातल्यांनाच नावे ठेवून मी मोकळा झालो असतो. पण हे लोण आमच्या गावातही आले, आणि त्यात माझाही हात आहे. म्हणून गावाची गोष्ट सांगतो.

गाव कळस. बारामती आणि इंदापूर यांच्या मधल्या माळरानाच्या टापूतले. जिथे पाणी पोचले तिथे ऊस, जिथे पोचले नाही तिथे कुसळी गवत, हा आमचा भूगोल. शेजारच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा हिंडतो, लांडगा असतो. ते पाहायला लांबलांबून माणसे येतात. दगड, मुरूम, चुनखडीचे खडे, बाभळीच्या शेंगा आणि काटे यांचा आम्हाला कधी दुष्काळ पडलेला नाही. बाकी सगळ्या गोष्टींचा पडलेला आहे.

गेल्या उन्हाळ्यात शहरातून एक मंडळी आली आणि आमच्या पोरांसाठी शिल्पकलेची कार्यशाळा घेऊन गेली. नाव सांगत नाही. माणसे सालस होती आणि हेतू चांगला होता. त्यांनी शाडूची माती आणली होती. शाडू बहुतेक गुजरातेतून येतो. प्रत्येक पोराला सारख्या वजनाचा गोळा, एक प्लॅस्टिकची कोरणी आणि समोर टेबलावर नमुन्याचे कासव. दोन तासांनी चाळीस कासवे तयार झाली. चाळिसांच्या पाठीवर चौकटी तितक्याच. फोटो निघाले. मागे लावलेल्या फलकावर निसर्गाचे नाव मोठ्या अक्षरांत होते. शाळेपासून ओढा तीनशे पावलांवर आहे, आणि त्या ओढ्याच्या काठी जेवढी माती आहे तेवढ्यात पुण्याच्या सगळ्या कार्यशाळा वर्षभर चालतील. तिकडे कोणी फिरकले नाही. मीही त्या दिवशी टाळ्या वाजवल्या.

रात्री मला झोप लागेना. पुढच्या रविवारी सातवी-आठवीची बत्तीस पोरे घेऊन मी ओढ्यावर गेलो. नियम थोडे होते. विकत काही आणायचे नाही. झाडाचे ओरबाडायचे नाही, खाली पडलेले घ्यायचे. दगड हाताने न उलटता काठीने उलटायचा, खाली विंचू असतो. एरंडाच्या आणि कण्हेरीच्या बिया, गुंजा तोंडाजवळ न्यायच्या नाहीत, कारण त्या विषारी असतात. रुईचा चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही. नमुना नाही. नंबर नाही.

पोरे काठावर उभी राहिली. पाच मिनिटे गेली, दहा गेली. शेवटी एकाने विचारले, "सर, करायचं काय?"

मी म्हटले, "तुला वाटेल ते."

तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "म्हंजे कासवच का?"

वाचकहो, माझे सगळे भांडण या एका प्रश्नात आहे. हे पोर ज्या घरात वाढले त्या घरची माणसे मातीतून धान्य काढतात. त्याच्या पणज्याने मातीचे माळवद बांधले असेल. आणि त्या पोराच्या हातात ओला गोळा आला तेव्हा त्याला वाटले की याचे काय करायचे ते दुसऱ्या कोणाला ठाऊक असते. दोन तासांत आम्ही त्याला एवढे शिकवले होते. दोन तासांच्या आधीची सात वर्षे मीच शिकवत होतो, हेही खरे.

अर्ध्या तासाने मात्र हात सुटले. एका धनगराच्या पोराने चिखलाची मेंढरे केली आणि वरून कुसळे अशी खोचली की लोकर वाटावी. कोणी चुनखडीच्या खड्यांची विहीर बांधली. कोणी ज्वारीच्या चिपाडांची गाडी केली. ती तर आमच्याकडे पिढीजात आहे. एका पोराने जेसीबी केला. निसर्गाच्या सान्निध्यात येऊन जेसीबी! शहरची मंडळी असती तर हिरमुसली असती. पण त्या पोराच्या शेजारी शेततळे खणले गेले होते आणि सबंध उन्हाळाभर त्याने ते यंत्र पाहिले होते. त्याच्या दृष्टीने कळसच्या माळावरचा सगळ्यात मोठा प्राणी तोच. अडचण अशी आली की यंत्राचा लांब हात चिखलात टिकेना. सारखा तुटून पडे. तीन वेळा तुटल्यावर पोराने आत लिंबाची काडी घातली, आणि सांध्याला वेड्या बाभळीचा काटा आरपार घातला. हात वर-खाली होऊ लागला. त्याला हे कोणी सांगितले नव्हते.

बाकीच्यांनाही माती शिकवत होतीच. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तिला भेगा पडतात. जाड पोट सावकाश वाळते, बारीक पाय लवकर वाळतात, म्हणून बैलाचे पाय गळून पडतात. मग पोरांनी मातीत वाळू घातली, बारीक केलेले पाचट घातले. कुंभार लीद आणि राख घालतो, घर लिंपणारी बाई भुसा घालते, ते याचसाठी. तुटलेला पाय चिकटवताना दोन्ही कडा काट्याने ओरबाडून मध्ये पातळ राबडी लावली की तो बसतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. विज्ञानाच्या तासाला हे मी फळ्यावर लिहिले असते तर परीक्षेनंतर एकाच्याही लक्षात राहिले नसते.

आणि आता माझ्या हातून घडलेली गोष्ट.

सातवीतली एक मुलगी, वर्गात कधी न बोलणारी, एका कडेला गाय करीत बसली होती. गाय धड नव्हती. पाय आखूड, पोट मोठे, आणि मान पार मागे वळलेली. मी तिथे थांबलो, खाली बसलो आणि मास्तरकीच्या सवयीने ती गाय तिच्या हातातून घेतली. "मान अशी सरळ पाहिजे," म्हटले, आणि दोन बोटांनी ती समोर फिरवली. गाय नीट दिसू लागली. मी पुढे गेलो.

तासाभराने परत आलो तर मुलगी नुसतीच बसलेली. मी विचारले, "पुढं काही केलं नाहीस?" ती काही बोलेना. शेजारची मैत्रीण म्हणाली, "सर, तिची गाय मागं बघत हुती. मागं वासरू करायचं हुतं."

दोन दिवसांनी ती गाय वाळली. भेग गेली ती बरोबर मानेला, जिथे मी पिरगाळली होती तिथे. ओल्या मातीला एकदा दिलेला पीळ ती वाळेपर्यंत विसरत नाही, हे कुंभाराला विचारा.

शहरच्या मंडळींनी चाळीस कासवे करवली म्हणून मी रात्रभर तळमळलो होतो. त्यांनी निदान सगळ्यांना आधीच सांगितले होते की कासव करायचे आहे. मी स्वातंत्र्य दिले आणि मग मान पिरगाळली. माझा गुन्हा मोठा आहे. आणि मला खात्री आहे की हे वाचताना पुष्कळांना आपापली गाय आठवत असेल.

आता आक्षेप. ते मला तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप, माती घाण असते. असते. शेणामातीत जंत असतात, काचा असतात. पायात काहीतरी असावे, धनुर्वाताची लस टोचलेली असावी, आणि काम झाल्यावर हात साबणाने खसखसून धुवावेत. माझी तक्रार नंतर धुण्याबद्दल नाही. काम करण्याआधीच हात धुऊन कोरडे करून बसवण्याबद्दल आहे. ज्या घरात दिवसभर पोराच्या हातात मोबाईल असतो आणि त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही, त्या घराने चिखलाला नाक मुरडू नये.

दुसरा आक्षेप, याला मार्क किती? या प्रश्नाचे उत्तर आता सरकारनेच दिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना यावे आणि गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे काम शिकावे, असे स्पष्ट म्हटले आहे. कागदावर सोन्यासारखी गोष्ट आहे. पण माझी भीती अशी की या दहा दिवसांचीही कासवे होतील. फोटो निघतील, अहवाल जाईल, आणि कुंभाराच्या चाकाभोवती पोरे हाताची घडी घालून उभी राहतील. सरकारने दार उघडले तरी आत पाऊल टाकायचे काम आपलेच आहे.

तिसरा आक्षेप असा की ही सगळी रिकामपणाची कामगिरी. यातून कोणी मोठा झाला आहे काय? मी मॅट्रिक झालेला माणूस, मोठमोठी पुस्तके माझ्याजवळ नाहीत. पण दोन माणसांची नावे सांगतो. अलिबागजवळच्या सासवने गावी १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपती करीत, म्हणजे पोर मातीतच वाढले. देवळाच्या भिंतीवर त्याने रेखाटलेले शिवाजी महाराज कुलाब्याच्या कलेक्टराने, ऑटो रॉथफील्डने, पाहिले आणि त्याच्या शिक्षणाला हात दिला. भिंत घाण केली म्हणून पोराला फोकलले नाही. पुढे १९२८ साली पुण्यात शिवछत्रपतींचा जो अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो याच करमरकरांचा. दुसरे नाव बंगालमधले, रामकिंकर बैज. न्हाव्याच्या घरात जन्म, लहानपण गावच्या मूर्तिकारांचे हात पाहण्यात गेले. शांतिनिकेतनात १९३८ साली त्यांनी संथाळ कुटुंबाचे मोठे शिल्प उभे केले. त्यासाठी ना ब्राँझ घेतले ना संगमरवर. तिथल्याच तांबड्या जांभ्याची खडी सिमेंटमध्ये कालवली आणि पायाखालची जमीन उभी केली. आमच्या मुरमाकडे पाहताना मला ते शिल्प आठवते.

पण मोठी माणसे निघावीत म्हणून पोरांना माती द्यावी, असे माझे म्हणणे नाही. बत्तिसातून एकही शिल्पकार निघाला नाही तरी चालेल. आपल्या जुन्या सणांनी शिल्पकार काढण्याचे कारखाने कुठे उघडले होते? तरी बघा, बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला चिखलाचा नाग, हरतालिकेला वाळूची पिंड, दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी आणि पाडव्याला पांडव. वर्षभर घरातल्या प्रत्येक बाईच्या आणि पोराच्या हाताला आकार घडवण्याची पाळी येई. आणि सणानंतर ते सगळे मातीला परत मिळे. ही रीत आजची नाही. आमच्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. तिथे एका घराच्या जमिनीखाली मातीची एक पेटी सापडली. तिच्यात एक स्त्रीमूर्ती होती, आणि वर डोके नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. सगळे कच्च्या, न भाजलेल्या मातीचे. त्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला एकेक भोक होते. मध्ये काडी खोचली की देवी बैलावर बसे. जेसीबीच्या हातात लिंबाची काडी घालणाऱ्या माझ्या पोराने इनामगाव पाहिलेले नाही. त्याच्या हाताला ते ठाऊक होते. आपण तो हात बांधून ठेवला होता, एवढेच.

आणि शाळा यापेक्षा वेगळी असू शकते, हे या महाराष्ट्रात सिद्ध होऊन ऐंशी वर्षे होत आली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरीबाईंची साधने युरोपातून आलेली, महाग. गरिबाच्या बालवाडीला ती परवडणार कुठून? म्हणून त्यांनी खडे, शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या यांची साधने केली. पोरे शाळेत येईनात तेव्हा शाळा पाड्यावर, अंगणात नेली. पुढे हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. आज देशभर खेडोपाडी ज्या अंगणवाड्या आहेत, त्यांच्या नावात ते अंगण अजून शिल्लक आहे. पण कित्येक ठिकाणी अंगणात आता फरशी आहे आणि साधने कपाटात, कुलपाच्या आत आहेत. खराब होतील म्हणून! ताराबाईंच्या खड्यांना कुलूप लागत नव्हते, कारण हरवला तर दुसरा खडा दारात पडलेला असे.

आता शेवटचा आक्षेप. तोच मला खरा वाटतो, आणि त्याचे उत्तर देताना माझी जीभ जड होते.

जेसीबी करणाऱ्या पोराचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत आला. शेतमजूर माणूस. दारातच उभा राहून म्हणाला, "सर, आमचं समदं आयुष्य मातीत गेलं. पोरगं मातीतनं भाईर निघावं म्हणून साळंत घातलंय. आन् तुम्ही त्याला परत मातीतच बसवताय व्हय?"

याला काय सांगायचे? आपल्या देशात मातीला हात लावणाऱ्याला आपण खालच्या पायरीवर बसवले आणि न लावणाऱ्याला पाटावर. कुंभार, वडार, बेलदार यांनी गावे उभी केली आणि त्यांनाच गावाबाहेर उभे केले. तेव्हा ज्याच्या वाट्याला माती सक्तीने आली, त्याने ती पोराच्या अंगावर उडू नये म्हणून धडपडावे यात नवल काय? मोटारीतून कार्यशाळेला जाणाऱ्या पोराला माती ही मौज आहे. या बापाला ती वेठ होती. हा फरक विसरून जो मातीची गोडी गातो त्याने एक दिवस उसाची मोळी उचलावी.

मी त्याला बसायला सांगितले आणि तो जेसीबी पुढे ठेवला. म्हटले, "दादा, तुम्हाला मातीनं राबवलं. इथं तुमच्या पोरानं मातीला राबवलंय. ह्यो हात तीनदा तुटला, चौथ्यांदा त्यानं उपाय काढला. उद्या इंजिनाचा काढील." त्याने तो हात दोनदा वर-खाली करून पाहिला. पटले म्हणाला नाही. "चिखल हाय नुसता," म्हणाला. पण जाताना तो चिखल टॉवेलात गुंडाळून घेऊन गेला. आठ दिवसांनी पोराने मला सांगितले की काटा ढिला होत होता म्हणून आबांनी त्यात सायकलची तार घातली. विकतचे काही आणायचे नाही, हा माझा नियम मोडला गेला. मी गप्प बसलो.

माझे मागणे फार नाही. शाळेला क्रीडांगण असते तसा दहा हातांचा मातीचा तुकडा असावा, शेजारी पाण्याची टाकी असावी, आणि आठवड्यातून एक दुपार तिथे नमुन्याशिवाय जावी. नंबर काढू नयेत. किल्ल्यांच्या स्पर्धा भरवतात तिथे परीक्षक पाहायला येतात, आणि परीक्षक येणार म्हणून पोरांचे मामा रात्री जागून बुरूज रंगवतात. ते बक्षीस कुणाला मिळते हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पोराने केलेले मोडू द्यावे. मी कादंबरी लिहितो तेव्हा पहिला खर्डा फाडतो, कधी दुसराही. मला कोणी "अरेरे, वाया गेले" म्हणत नाही. पोराचा बैल मोडला की मात्र घर हळहळते आणि बाजारातून न मोडणारा आणते. आणि मुख्य म्हणजे, पोराच्या हातातली वस्तू त्याने दिल्याशिवाय घेऊ नये. शेवटचे कलम मी माझ्यासाठी लिहिले आहे. पायाच न घालता कळस चढवायचा हव्यास आम्हा मास्तरांना फार.

त्या मुलीला मी वासराबद्दल पुन्हा विचारलेले नाही. माझ्या विचारण्याने वासरू होणार नाही, एवढी अक्कल आता आली आहे. ओढ्यावर दर रविवारी जातो, आणि पोरे काम करीत असताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो. फार जड जाते.

फराळ होत आला असेल. अंगण असेल तर अंगणात, नसेल तर गच्चीच्या कोपऱ्यात, तेही नसेल तर एका जुन्या परातीत, माती आणून टाका. तयार किल्ला घरात आला असेल तर राहू द्या, त्यावर मावळे वाळत ठेवता येतील. पोराला काय करायचे ते सांगू नका. एकच काम असे आहे की ज्याला माणूस लागतो. भुयार करायचे असले तर एकाने आत हात घालून बसावे लागते आणि दुसऱ्याने वरून माती थापावी लागते. पोर घरात एकटे असेल तर तो दुसरा माणूस तुम्ही. थापा, आणि ते हात हळूच काढून घेईल तोवर काही बोलू नका.